साक्षीत गोळ्या नव्हत्या

माझ्या मुलीला पहिली आकडी आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून "लक्ष कुठंय गं तुझं?" असं ओरडतच मी आत गेले. ती ओट्याखाली पडली होती, हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते. मी जागच्या जागी उभी राहिले. तिला उचललं ते तिच्या पप्पांनी.

आम्ही मुलुंडला राहतो. तिथल्याच एका डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवून शिकवलं. आकडी आली की तिला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं सैल करायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि जवळ थांबायचं. माझे पती लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहेत. सांगितलेली गोष्ट सांगितली तशीच करायची त्यांना सवय आहे. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून सगळं नीट समजून घेतलं. मीही मान डोलावत होते, पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: बिल्डिंगमध्ये हे कळता कामा नये.

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझे सासरे नोकरीसाठी मुंबईत आले तेव्हापासून आमचं घर एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातं. मंडळीत मी ही गोष्ट लपवली नाही, कारण तिथे प्रार्थना होणार होती. महिला मंडळाच्या बायकांनी उपास धरले, मीही दर शुक्रवारी धरला. दोन वर्षं आकड्या येतच राहिल्या. मग डॉक्टरांनी जुनी गोळी बदलून नवी दिली, आणि हळूहळू आकड्या थांबल्या. एक महिना गेला, दोन गेले, सहा गेले. हंगामाचा सण आला तोवर तिला आकडी येऊन बराच काळ लोटला होता.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे शेतीच्या पिकाचा पहिला वाटा देवाला अर्पण करतात. मुलुंडात शेती कुणाकडे असणार? सगळे बाजारातून भोपळे, नारळ, केळीचे घड आणतात, वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मला म्हणाले, "बाई, तुम्ही आज साक्ष द्या. लोकांचा विश्वास वाढेल." मंडळीपुढे उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो.

मी एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. घाबरलेल्या माणसांशी गोड बोलायची मला सवय आहे. तरी त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच नवल वाटलं. मी पहिल्या आकडीचं सांगितलं, उपासांचं सांगितलं, एका पहाटे प्रार्थना करताना अंगावर काटा आला ते सांगितलं, आणि म्हणाले, "त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या लेकीला एकही आकडी आलेली नाही." बायका रडू लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, "मुलीला उभी करा." ती पहिल्याच रांगेत होती. उभी राहिली, कुणाकडेही न बघता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

गोळ्यांचं मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. त्याच सकाळी नाश्त्यानंतर मीच तिच्या हातावर गोळी ठेवली होती. पण बोलताना गोळी मध्ये आली असती तर गोष्ट बारीक झाली असती. देवानं केलं की डॉक्टरांनी, असा प्रश्न कुणाच्या तरी मनात आला असता, आणि मला तो नको होता. मला वाटलं, देवाचा मान राखतेय मी.

कुणीतरी फोनवर ती साक्ष रेकॉर्ड केली होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली, तिथून पुढे कुठे कुठे गेली. मला बोलावणी येऊ लागली. भांडुप, घाटकोपर, वाकोला, कुणाच्या ना कुणाच्या घरी संध्याकाळची प्रार्थनासभा असायची, आणि मी जायचे. प्रत्येक वेळी तिलाही न्यायचे. लोकांना ती बघायची असायची. एकदा रिक्षात ती म्हणाली, "मम्मी, मी नको ना येऊ पुढच्या वेळेला. कॉलेजचं सबमिशन आहे."

"तासाभराचा तर प्रश्न आहे. प्रभूसाठी तेवढं नाही करणार?"

ती पुढच्या वेळेलाही आली. तिच्या पप्पांनी एकदाच विचारलं, "गोळ्यांचं बोलतेस ना तिथे?" मी म्हणाले, "ते कळतंच लोकांना." त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण सभांना यायचं मात्र त्यांनी सोडून दिलं.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आमच्याकडे दुपारी तीन तास चालते. बरेच जण उपाशी येतात. आदल्या रात्री तिचा अभ्यास होता, झोप झाली नव्हती. डॉक्टरांनी झोप आणि जेवण चुकवू नका म्हणून बजावलं होतं. सकाळी पप्पा तिला म्हणाले, "खाऊन घे काहीतरी." ती म्हणाली, "सगळे उपाशी असतात, मीच एकटी खाऊ?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. माझ्या मनात आलं, जिची साक्ष सगळ्यांनी ऐकली तिनं उत्तम शुक्रवारी पोहे खावेत?

शेवटच्या तासात पाळकसाहेबांनी सगळ्यांना शांत बसायला सांगितलं. पंखे फिरत होते, तेवढाच आवाज. त्या शांततेत तिच्या घशातून तो आवाज निघाला. आकडी सुरू होताना निघतो तो, जनावरासारखा. खुर्ची सरकली आणि ती खाली कोसळली.

मी काय केलं ते सांगते. तिचा कुडता वर गेला होता, तो मी खाली ओढला. तिच्या तोंडातून फेस येत होता, त्यावर ओढणी टाकली. तोंड झाकलं मी तिचं. आणि मग मान वर करून लोकांकडे बघितलं, कोण कोण बघतंय ते. सगळेच बघत होते.

तिचे पप्पा मागच्या रांगेतून आले, खाली बसले, ओढणी बाजूला केली, तिला कुशीवर वळवलं, खिशातला रुमाल डोक्याखाली सारला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. कुणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत द्यायला आलं. कुणी म्हणालं, कांदा आणा. एक गृहस्थ तिच्यावर हात धरून मोठमोठ्यानं सैतानाला धमकावू लागले. माझे पती कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "काका, हळू. तिला त्रास होतोय."

आकडी थांबली. तिची सलवार ओली झाली होती, फरशीवरही ओघळ गेला होता. पाळकांच्या पत्नीनं आतून आपला धुतलेला गाऊन आणून दिला. मुलीनं डोळे उघडले, तिला आपण कुठे आहोत ते कळेना. मग माझ्याकडे बघत ती जड जिभेनं म्हणाली, "परत आली?"

"नाही गं," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "उन्हानं चक्कर आली तुला. उपाशी आहेस ना."

तिनं खाली आपल्या सलवारीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ईस्टर होता. माझ्या आयुष्यातला मंडळीत न गेलेला तो पहिला ईस्टर. पोट बिघडलंय म्हणाले. पुढच्या रविवारी पाहुणे आलेत म्हणाले. फोन वाजला की आधी नाव बघायचे. एक बाई फोनवर म्हणाल्या, "रागावू नका हं, पण घरात काही कबूल करायचं राहिलंय का बघा. मिळालेलं बरेपण असं जात नाही." मी "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर रडले, पण मुलीसाठी नाही. आपलं तोंड आता कसं दाखवायचं म्हणून रडले. आणि देवावर मला राग आला होता. माझी फजिती करायला हाच दिवस मिळाला का तुला, सगळ्यांच्या देखत, असं मी खरोखर म्हणाले, भांडी घासता घासता.

अशातच एका शनिवारी वाकोल्याहून फोन आला. तिथल्या सभेत भेटलेली एक तरुण आई होती. तिची मुलगी सहा-सात वर्षांची, तिलाही आकड्या यायच्या. मुंबईत नवीन होती, विदर्भातून आलेली. घरचे बौद्ध, आणि ही एकटीच शेजारणीबरोबर प्रार्थनेला येऊ लागली होती. उत्तम शुक्रवारचं तिला काहीच माहीत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या मुलीच्या गोळ्या तुम्ही कधी बंद केल्या? आधी प्रार्थना की आधी गोळ्या बंद? मी म्हणते, उद्यापासून आम्हीही बंद करावं. गोळ्या चालू ठेवल्या तर अविश्वास होतो ना?"

"मी जरा कामात आहे," मी म्हणाले, "थोड्या वेळानं करते फोन." आणि ठेवला.

मुलगी डायनिंग टेबलाशी बसली होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण त्या बाईचा आवाज मोठा होता.

"सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"सांगते ना. एवढ्या फटकन कसं सांगायचं?"

"मम्मी, ती उद्यापासून म्हणाली."

मी ओट्याकडे वळून काहीतरी पुसायला लागले. मागून ती म्हणाली, "तुला माझी लाज वाटते की देवाची?"

मी म्हणाले, "काहीतरी बोलू नकोस."

"नाही, खरंच विचारतेय. तू माझं तोंड झाकलंस ना त्या दिवशी. पप्पांनी नाही सांगितलं, मला दुसरीकडून कळलं. मला वाईट वाटलं, पण मी समजू शकते, सगळे बघत होते. पण तू त्या सभांमध्ये बोलायचीस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. वाटायचं, आता परत आली तर ही सगळी माणसं देवालाच खोटा ठरवतील. माझ्यामुळे. मी झोपताना म्हणायचे, प्लीज, आता येऊ देऊ नकोस, मम्मीची वाट लागेल."

मी खुर्ची ओढून बसले. एकोणीस वर्षांची पोर, जिची काळजी मी करतेय असं मला वाटत होतं, ती माझी अब्रू सांभाळत होती.

"आणि तुझं काय?" मी विचारलं. "तू स्वतःसाठी काय मागायचीस?"

ती म्हणाली, "आकडी येण्याआधी थोडा वेळ मला कळतं. सगळं लांब जातं, पंख्याचा आवाजसुद्धा. फार भीती वाटते गं. तेव्हा मी एवढंच म्हणते, आहेस ना? उत्तर वगैरे काही येत नाही. पण मी एकटी खाली जात नाही, असं वाटतं मला. कोणीतरी बरोबर असतं. बस. बरी कर असं म्हणायला तेवढा वेळच नसतो."

तीन वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. मी महिला मंडळात प्रार्थना चालवायचे, आजाऱ्यांच्या घरी जायचे, देवाच्या सोबतीबद्दल अर्धा अर्धा तास बोलायचे. आणि तो माझ्या घरात कुठे बसलाय ते मला माहीत नव्हतं.

मी तिथेच वाकोल्याला फोन लावला. "गोळ्या बंद करू नकोस," मी म्हणाले, "एकही चुकवू नकोस. मी येते, समोर बसून बोलते." मुलगीही निघाली. मी नको म्हणाले नाही.

वाकोल्याच्या गल्लीत खालच्या मजल्यावर एका खोलीचं घर. छोटी मुलगी जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. तिच्या आईनं पाणी दिलं आणि समोर मांडी घालून बसली, साक्ष ऐकायला बसतात तशी. मी सगळं सांगितलं. गोळी बदलल्यावर आकड्या थांबल्या होत्या, गोळ्या एक दिवसही बंद नव्हत्या, आणि आता आकडी परत आलीय. ते सांगताना माझी मान खाली होती. तिच्या घरातल्या चटईची वीण मला अजून आठवते.

तिनं आधी माझ्या मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही खोटं सांगितलं."

"अर्धं सांगितलं," मी म्हणाले. मग म्हणाले, "हो. खोटंच."

"मी घरी भांडले हो, ताई, तुमच्या भरवशावर. सासूबाई म्हणायच्या, डॉक्टरचं ऐक. मी म्हणायचे, मी स्वतः बघितलीय ती मुलगी. आता मी काय सांगू त्यांना?" तिचा आवाज चढला होता. "आणि मग तुमच्या देवानं केलं तरी काय?"

मी चटईकडे बघत बसले. छोटीनं मान वर करून आमच्याकडे बघितलं. माझी मुलगी उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिला विचारू लागली, "तुला कळतं का आधी? मला पोटात गोळा येतो. तुला?"

छोटी म्हणाली, "मला लाइट दिसते."

"भीती वाटते?"

"हो. मी आईला हाक मारते, पण तोंडातून येत नाही."

तिची आई हे पहिल्यांदाच ऐकत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती सरकत सरकत लेकीजवळ गेली, तिला मांडीवर ओढून घेतलं. माझी मुलगी छोटीला सांगत होती, "मी पण मारते हाक. मनातल्या मनात मारली तरी चालते." कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. त्या बाईनं विचारलंही नाही. ती रडत होती.

निघताना मी माफी मागितली. "बघू," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, हिचा माझ्यावर आणि देवावर, दोघांवरचा विश्वास आज गेला, आणि तो मी घालवला.

पाळकसाहेबांना मी त्याच आठवड्यात जाऊन सांगितलं. ते जरा नाराज झाले. "गोळ्यासुद्धा देवाचीच देणगी, बाई," ते म्हणाले, "पण तेव्हाच बोलला असतात तर." मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं." मी त्यांना म्हणाले, मला मंडळीपुढे बोलू द्या. ते म्हणाले, महिला मंडळात बोला, तेवढं पुरे. मी महिला मंडळात बोलले. तीन-चार मिनिटांत संपलं. कुणी रडलं नाही. एक-दोघींनी नंतर हात हातात घेतला, बाकीच्या चहाकडे वळल्या. सभांची बोलावणी थांबली. जिनं घरात काही कबूल करायचं राहिलंय का विचारलं होतं, ती आता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तिला बहुतेक वाटत असेल, आपलं बरोबर होतं. एका अर्थी होतंही.

आम्ही मंडळीत परत गेलो त्या पहिल्याच रविवारी मुलगी मात्र नेहमीच्या जागी जाऊन बसली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, आणि मी तिच्या शेजारी घामाघूम. ती गात होती. तिला सूर फारसा नाही, पप्पांसारखाच. मोठ्यानं गात होती.

आज ती अंधेरीला एका ऑफिसात काम करते. पहिल्याच दिवशी तिनं शेजारच्या टेबलवरच्या मुलीला सगळं सांगितलं, आकडी आली तर काय करायचं ते दाखवलंसुद्धा. घरी येऊन तिनं हे सांगितलं. "इतक्या लवकर कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलंच. ती हसली. आकडी वर्षातून एक-दोनदा येते. डॉक्टर म्हणतात, कदाचित कधीतरी थांबेल, कदाचित नाही. लग्नाचा विषय नातेवाइकांनी आपोआप काढायचा सोडलाय. मला अजूनही लाज वाटते, कधी तिची, कधी स्वतःची, आणि तिची वाटली म्हणून मग पुन्हा स्वतःची. लाज पूर्ण गेली असं मी सांगणार नाही. तशा वाक्यांची आता मला धास्ती वाटते.

वाकोल्याच्या बाईचा पाच-सहा महिने काही पत्ता नव्हता. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. मग एकदा तिनंच केला. छोटीच्या गोळ्या सुरू आहेत, सासूबाई स्वतः आठवणीनं देतात, असं सांगितलं. प्रार्थनेचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग एकदम म्हणाली, "तुमची मुलगी कधी येईल? पोरगी विचारते." आता माझी मुलगी महिन्यातून एखाद्या रविवारी ऊन उतरल्यावर तिकडे जाते.

मागच्या महिन्यात मंडळीतल्या एका बाईनं मला जिन्यात गाठलं. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालंय. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुम्ही या ना प्रार्थनेला. होतील ना हो ते बरे?"

आधीची मी असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"ते मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण मंगळवारी मला सुट्टी आहे. मी डायलिसिसला येते, तुमच्याबरोबर बसते."

तिचा चेहरा पडला. तिला याहून जास्त हवं होतं, आणि माझ्याकडे नव्हतं. तरी मंगळवारी मी गेले. तिचा नवरा पलंगावर डोळे मिटून पडला होता, नळ्यांतून रक्त फिरत होतं, मशीन मधूनच टुंग करायचं आणि ती दचकायची. मी आणलेला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणाली. मेथीची भाजी आणि चपाती खाता खाता ती मला त्यांच्या लग्नाच्या गोष्टी सांगायला लागली. मी ऐकत होते. बाहेर पडल्यावर, स्टेशनकडे अर्ध्या वाटेवर आल्यावर, माझ्या लक्षात आलं, की मी प्रार्थना केलीच नाही. परत जावं का, असा विचार करत मी रस्त्याच्या कडेला जराशी उभी राहिले. मग तिथेच, फुलवालीच्या टोपलीशेजारी, डोळे उघडे ठेवूनच त्या दोघांची नावं घेतली आणि घरी गेले.